भरती चालू, शाळा बंद

सैनिकांच्या मुलांसाठीच्या सरकारी योजनांचा विषय काढला की चळवळीतले काही मित्र कपाळाला आठ्या घालतात. आपले विषय जात, जमीन आणि शिष्यवृत्ती. सैनिकांचे काय ते दिल्ली बघून घेईल, असा त्यांचा सूर असतो. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. सैनिकाच्या मुलाची शाळा हा आपल्या चळवळीच्या सर्वांत जुन्या विषयांपैकी एक आहे. आपण तो विसरलो, एवढेच.

बाबासाहेब 1891 साली महूच्या लष्करी छावणीत जन्मले, हे आपण दर 14 एप्रिलला सांगतो. पण छावणीत का जन्मले, याचा विचार कितीजण करतात? वडील रामजी सकपाळ सुभेदार तर होतेच, शिवाय लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांनी 'दि अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या निबंधात नोंदवून ठेवले आहे की, कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. मुलींनाही! ज्या काळात गावच्या शाळेची पायरी चढायला महाराच्या पोराला बंदी होती, त्या काळात पलटणीतल्या महाराची लेक धुळाक्षरे गिरवत होती. इंग्रजांनी हे काही मेहेरबानी म्हणून केले नाही. त्यांना हुकूम समजणारा, हिशेब लिहिणारा शिपाई हवा होता. पण शाळा ती शाळाच. त्या शाळेने जे घडवले, ते पुढे महाडच्या तळ्यावर आणि घटना समितीत दिसले.

मग 1892 च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढाऊ जाती कोण आणि बिनलढाऊ कोण, असा नवा मनुस्मृतीछाप हिशेब गोऱ्या साहेबांनीही मांडला. आपण या बंदीकडे फक्त नोकरी गेली म्हणून पाहतो. नोकरीबरोबर मुलांची शाळाही गेली. दापोलीत निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. त्यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत आपली मुले घ्यावीत म्हणून अर्ज केले. ज्यांनी सरकारसाठी बंदूक उचलली त्यांच्या मुलांना शेवटी कुठे बसवले? वर्गाबाहेर, व्हरांड्यात. गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून जे अर्ज केले, ते या व्हरांड्याची आठवण ठेवून वाचले पाहिजेत. 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 ला मोडलीही. पुढे 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या रेट्यामुळे.

आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या बहुतेक आजोबांच्या वाट्याला पलटणही नाही आणि पलटणीची शाळाही नाही. मराठवाड्याला शाळेचे दार सापडले ते 1950 ला, बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा. पण आज चित्र वेगळे आहे. पहाटे पाच वाजता केज, पाटोदा, गेवराई, आष्टी कुठल्याही रस्त्याने जा, पोरे पळताना दिसतील. पाऊस नाही, एमआयडीसीत काम नाही, मग उरतो तो ऊसतोडीचा कोयता नाहीतर भरती. आमच्या वस्त्यांमधून गेलेली पोरे आज काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत आहेत, आणि त्यांची मुले इथे आजीजवळ वाढत आहेत.

त्यांच्यासाठी काय आहे? नाही म्हणायला बरेच आहे, आणि जे आहे त्याला आम्ही चांगलेच म्हणू. रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार पदापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शैक्षणिक अनुदान मिळते. ते महिना 1000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 2000 झाले. व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलीला महिना 3000 आणि मुलाला 2500. त्याला 60 टक्के गुण लागतात. साताऱ्याच्या सैनिक शाळेत, म्हणजे 1961 साली निघालेल्या देशातल्या पहिल्या सैनिक शाळेत, सैनिकांच्या पाल्यांना राखीव जागा आहेत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात डिफेन्स कोटा आहे. सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. शहीद किंवा युद्धात अपंग झालेल्या सैनिकाच्या मुलांची फी केंद्र सरकार भरते.

यादी मोठी आहे. मूल तिथपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न.

केज तालुक्यातल्या एका माऊलीची गोष्ट आम्ही जवळून पाहिली. नवरा नाईक म्हणून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत काविळीने गेला. दोन मुली. धाकटीचे नाव सैन्याच्या रेकॉर्डला लागलेलेच नाही. मोठीचे लागले, पण तिथे एक नाव, शाळेच्या टीसीवर दुसरे आणि आधारवर तिसरे. सैन्याच्या लेखी मूल जन्मते ते 'पार्ट टू ऑर्डर' निघाल्यावर. ती निघाली नसेल तर तुमच्या मांडीवर बसलेली पोर कागदावर नाहीच. फौजी माणूस जिवंत असला तर एक पत्र लिहून हे काम उरकतो. विधवा बाईने परराज्यातल्या रेकॉर्ड ऑफिसला कुठल्या भाषेत लिहायचे? प्रतिज्ञापत्र, राजपत्र, ग्रामसेवकाचा दाखला, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडालेली. यात कुणा एका बाबूचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. बाई अडाणी आणि कागद इंग्रजी, ही रचनाच अशी आहे की ज्याच्या घरात आधीपासून शिक्षण आहे त्यालाच मोफत शिक्षण मिळावे.

दुसरी अडचण आपल्या समाजाची खास. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेलाही तीच. आता महिना 21 हजार पेन्शन असलेला फौजी घ्या. वर्षाचे झाले 2 लाख 52 हजार. दोन हजार रुपयांसाठी पोरगी निर्वाह भत्त्यातूनही गेली आणि स्वाधारमधूनही. फीची फ्रीशिप तेवढी राहते. संभाजीनगरला खोली करून राहायचे तर भाडे आणि मेसचे पैसे कुठून आणायचे? वस्तीत फौजीचे घर म्हणजे पैसेवाले, असा समज असतो. त्याच पेन्शनवर म्हातारे आईबाप, कर्ज आणि भावाचा दवाखाना चालतो, हे कुठल्याच फॉर्ममध्ये लिहायची सोय नाही.

हे सगळे असले तरी या मुलांना निदान काहीतरी हक्क आहे. आता जे येऊ घातले आहे, ते पाहा.

जून 2022 मध्ये अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी. शंभरातले पंचवीस कायम होणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, 'माजी सैनिक' हा दर्जा नाही. वर काढलेली सगळी यादी या एका शब्दावर उभी आहे. शिवाय अग्निवीराने सेवेत असताना अविवाहितच राहायचे. म्हणजे त्याचे मूल सैन्याच्या कागदावर कधी येणारच नाही. पार्ट टू ऑर्डर चुकली म्हणून भांडायचीही सोय नाही! पहिली तुकडी 2026 च्या अखेरीपासून परत येऊ लागेल. बीडच्या रस्त्यांवर पळणारी आजची पोरे पंचविशीच्या आत माघारी येतील, लग्न करतील, त्यांना मुले होतील. सियाचीनला उभा राहिलेल्या बापाचे ते मूल शाळेत जाईल तेव्हा सरकारदरबारी ते कोणाचे मूल असेल?

1892 ला भरती बंद झाली म्हणून शाळा बंद झाली. आज भरती चालू आहे आणि शाळा बंद होते आहे. गोऱ्यांनी निदान दोन्ही एकदम बंद केले होते.

कुणी म्हणेल, सैन्यात जात नसते, तुम्ही यात जात कशाला आणता? बरोबर आहे, बराकीत एका ताटात जेवतात. पण चार वर्षांनी तो पोरगा बराकीत राहणार नाही, गावात येईल. पाटलाच्या पोराला परत यायला वीस एकर जमीन आहे. आपल्या पोराला परत यायला वस्ती आहे आणि मुकादमाची उचल आहे. चार वर्षांची नोकरी दोघांना सारखी, पण त्यानंतरचा खड्डा सारखा नाही. आणि उचल घेतली की त्याचे मूल दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने 2021 ला 82 वसतिगृहांची योजना काढली, कारण सहा महिने आईबाप गावाबाहेर असले की शाळा तुटते, हे सरकारला मान्य आहे. फौजीचे मूलही त्याच कारणाने वसतिगृहात जायचे. उद्या अग्निवीराचे मूल एका वसतिगृहातून नाव कमी करून दुसऱ्याच्या दारात उभे राहणार असेल, तर त्याला प्रगती म्हणायला आम्ही तयार नाही.

माजी सैनिक कोण, हे दिल्ली ठरवते. ते बदलायला खासदारांना धारेवर धरावे लागेल. पण सैनिक कल्याण विभाग राज्याचा आहे. त्याची वसतिगृहे राज्याची, इंजिनिअरिंगच्या डिफेन्स कोट्याचे नियम राज्याचे, शिष्यवृत्तीच्या उत्पन्नात लष्करी पेन्शन धरायची की नाही हेही राज्याला दिल्लीपुढे मांडता येते. शिक्षणापुरते अग्निवीराच्या मुलाला सैनिकाचा पाल्य माना, एवढा शासन निर्णय मुंबईतून निघू शकतो. बार्टी आपल्या पोरांना लष्करभरतीपूर्व प्रशिक्षण देते, म्हणजे पोरे फौजेत जावीत ही सरकारचीच इच्छा. मग त्यांच्या मुलांपाशी येऊन हात आखडता का?

6 डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर असतो. दुसऱ्या दिवशी, 7 डिसेंबरला, देशभर सशस्त्र सेना ध्वजदिन असतो आणि गाडीतून उतरून आपण झोपलेले असतो. यंदा त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या हातात वरची मागणी लेखी द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. केजच्या त्या माऊलीच्या मोठ्या मुलीचे नाव सात महिन्यांनी दुरुस्त झाले. धाकटीचे प्रकरण अजून चालू आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या विहारात याच कामाला बसतो. येताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, मुलांची टीसी आणि जन्मदाखला आणा. कागद फाटका असला तरी चालेल, झेरॉक्स आम्ही काढतो.

जय भीम.