विश्लेषण : पोटावर पिशवी, तरी गुदद्वारातून रक्त का जाते?

कॅन्सर, अपघात किंवा आतडे फुटल्यामुळे शस्त्रक्रिया होते आणि शौचाचा मार्ग पोटावर काढला जातो. यालाच स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी गुदद्वारातून चिकट आव किंवा रक्त जाऊ लागले, की घरचे हादरतात. कुणी मूळव्याध समजून औषध घेते, कुणी लाजेने सांगतच नाही.

नेमके काय होते?
स्टोमाच्या खालचे आतडे अनेकदा शरीरातच ठेवलेले असते. तिथून मळ मात्र जात नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य खाद्य आतड्यातले जिवाणू तयार करतात. न पचलेल्या तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले बनतात. मळाची वाट वळवली की ही रसद तुटते, अस्तर उपाशी राहते आणि सुजते, असे प्रमुख स्पष्टीकरण आहे. १९८१ मध्ये या आजाराला 'डायव्हर्जन कोलायटिस' हे नाव मिळाले.

उपचार कोणते?
दुर्बिणीतून पाहिल्यास दाह बहुतेकांत दिसतो, पण त्रास थोड्यांनाच होतो. त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. असेल तर डॉक्टर मेसालामाइन किंवा स्टेरॉइडचा एनिमा देतात. मेदाम्लांचा एनिमाही वापरून पाहिला गेला. त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. भाजी-कोंडा जास्त खाऊन उपयोग नाही, कारण ते बंद भागापर्यंत पोहोचतच नाही. खरा उपाय म्हणजे आतडे पुन्हा जोडणे. मळ वाहू लागला की दाह ओसरतो. मात्र प्रत्येकाची जोडणी शक्य नसते.

दुर्लक्ष का नको?
हीच लक्षणे कॅन्सर, संसर्ग किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचीही असू शकतात. त्यामुळे रक्त दिसले तर आधी तपासणी. 'पिशवीमुळे असेल' हा अंदाज घरी बांधू नये. थोडा आव जाणे मात्र नेहमीचेच, कारण बंद आतड्याचे अस्तरही तो तयार करत राहते.

रुग्णालयात पिशवी बदलायला शिकवतात. मागे राहिलेल्या आतड्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. सुट्टी देताना डॉक्टरांनी यावर दोन मिनिटे द्यायला हवीत. त्या दोन मिनिटांनी एखाद्याची अनेक रात्रींची भीती वाचेल आणि एखाद्याचा कॅन्सर वेळेत सापडेल.