पिसवा घरात, शिक्षा मांजराला!

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर लाल, खाजणारे पुरळ. दोन-तीन जवळजवळ, कधी एका ओळीत. लहान मुलं खाजवून रक्त काढतात, मग तिथे पू होतो. "डास चावले असतील", "पाणी बदललं असेल", "गरम पडलं असेल" असं म्हणत आठ-पंधरा दिवस जातात. मग कुणीतरी विचारतं, "घरात मांजर आहे का?" आणि तिथून पुढे त्या मांजराची धडगत नसते.

कुणी त्याला कुत्र्याचं औषध लावतं, कुणी डेटॉलच्या पाण्याने आंघोळ घालतं, कुणी अंगावर झुरळांची पावडर टाकतं. तेही जमलं नाही तर पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येतात. या चारही उपायांनी पिसवा जात नाहीत. मांजर मात्र जातं. माणसांचा डॉक्टर असूनही मी हे लिहितो आहे, कारण पुरळ माणसांना येतात आणि चुकीची औषधं बऱ्याचदा माणसांच्याच औषधाच्या डब्यातून निघतात.

"आमचं मांजर तर घरातच असतं!"

असेल. पण पिसू दारावर टकटक करून येत नाही. गिरगावातली चाळ घ्या नाहीतर लालबागमधली. एका मजल्यावर एकच लांब गॅलरी, सगळ्यांचा एकच जिना, खाली भटकी मांजरं आणि उंदीर. भटकं मांजर जिन्यावर झोपून उठलं की त्याच्या अंगावरची अंडी तिथेच पडतात. पुढे तिथे तयार झालेली पिसू तुमच्या पायजम्यावर किंवा पिशवीवर बसून घरात येते. टॉवरमध्ये राहायला गेलात तरी लिफ्टमधून कुत्री जातातच, आणि कुत्र्यांच्या अंगावरही बहुतेक वेळा हीच पिसू असते. तिचं नावच 'मांजराची पिसू' आहे.

म्हणून घरातल्या मांजराला पिसवा झाल्या याचा अर्थ घर अस्वच्छ आहे असा नाही. हे ऐकून बरं वाटेल, पण पुढचं ऐकून वाटणार नाही.

तुम्हाला दिसते ती पिसू म्हणजे शंभरातल्या पाच

मांजराच्या अंगावर ज्या पळताना दिसतात त्या पूर्ण वाढलेल्या पिसवा. घरातल्या एकूण पिलावळीत त्या साधारण पाच टक्के असतात. बाकीच्या पंच्याण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपात अंथरुणात, सोफ्याच्या खाचेत, पायपुसण्याखाली, लाद्यांच्या आणि लाकडी फळ्यांच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे गळून पडतात. अळ्यांना ऊब आणि दमटपणा लागतो. मुंबईची हवा त्यांना बारा महिने मानवते, पावसाळ्यात तर विशेष.

सगळ्यात चिवट असतो तो कोष. त्यात पिसू तयार होऊन महिनोन् महिने वाट पाहू शकते. जमिनीचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. म्हणून गणपतीला किंवा मे महिन्यात गावाला गेलेली मंडळी परत येऊन कुलूप उघडतात आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांचे पाय चावून निघतात. घर बंद होतं तेव्हा बाहेर येण्याचं कारण नव्हतं. तुम्ही आलात आणि कारण मिळालं.

आता सांगा, मांजर बाजारात सोडून आल्याने काय साधलं? कोष घरातच आहेत. त्यातून निघणाऱ्या पिसवांना मांजर मिळालं नाही की त्या तुमच्याकडे आणि तुमच्या मुलांकडे वळतात. शिवाय पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दया बाजूला ठेवा, कायदाही बाजूला ठेवा, निव्वळ स्वार्थ पाहिला तरी हा उपाय मूर्खपणाचा आहे.

कुत्र्याचं औषध मांजराला विष का?

कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचे काही थेंब, फवारे आणि पावडरी यांत परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहन करतो. मांजराच्या यकृताची अशी रसायनं निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद फार तोकडी असते. (पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही जवळपास याच कारणाने.) शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं औषध पोटातही जातं. आधी लाळ गळते, कान आणि कातडी फडफडते, मग अंग थरथरतं, झटके येतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू.

हेच परमेथ्रिन आम्ही डॉक्टर खरजेवर ५ टक्के मलमातून देतो, आणि उवांच्या औषधातही ते असतं. माणसाला सुरक्षित, म्हणून मांजरालाही सुरक्षित, हा हिशोब चुकीचा आहे. उरलेलं मलम मांजराला लावू नका. घरात कुणी ते अंगभर लावलं असेल, तर धुऊन टाकेपर्यंत मांजराला अंथरुणात घेऊ नका, हातपाय चाटू देऊ नका. मलम लिहून देणाऱ्याने "घरात मांजर आहे का?" हे विचारायलाच हवं. एक मिनिटही लागत नाही.

आणि काउंटरवरून "कुत्र्याचं चालेल, अर्धं लावा" असं सांगणाऱ्या दुकानदारांना काय म्हणावं? अर्धं विष हेही विषच. मांजर तीन-चार किलोचं, आणि थेंब मापलेले असतात वीस किलोच्या कुत्र्यासाठी.

"आम्ही रसायन वापरत नाही, नैसर्गिकच वापरतो" म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. कापूर, टी ट्री तेल, लसूण, रॉकेल, डांबराच्या गोळ्या हे सगळं मांजराला घातक आहे. डेटॉलसारखी फिनॉल वर्गातली जंतुनाशकंही तशीच. 'नैसर्गिक' या शब्दाने यकृत बदलत नाही.

हा घोळ मुंबईने आधी एकदा घातला आहे

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर काय झालं ते आपल्या पणजोबांच्या पिढीने भोगलं. घरं कार्बोलिकने धुतली, कौलं उतरवली, कपडेलत्ते जाळले, माणसं ओढून छावण्यांत नेली. सगळ्यांना शिक्षा झाली, पिसू मात्र सुटली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवलं, पण बरीच वर्षं त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, झालेल्या कामाने ते पक्कं झालं. त्याच काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन तर प्लेग टाळायला घरोघरी मांजरं पाळा असं सांगत होते, कारण मांजर असलं की उंदीर कमी.

घाबरू नका. प्लेगची मुख्य पिसू उंदरावरची, ती वेगळ्या जातीची. तुमच्या मनीच्या पिसवांमुळे मुंबईत प्लेग येणार नाही. पण मांजराची पिसूही निरुपद्रवी नाही. चावण्याची ॲलर्जी, खाजवून झालेला संसर्ग, मांजराच्या नखांत अडकलेल्या पिसवांच्या विष्ठेतून ओरखड्यावाटे येणारा ताप आणि सुजलेल्या गाठी, लहान मुलाने चुकून पिसू गिळली तर पट्टकृमी. छोट्या पिल्लांचं तर पिसवा इतकं रक्त पितात की ती पांढरी पडून दगावतात. म्हणून उपाय करायचाच, पण जिथे पिसवा आहेत तिथे.

मग करायचं काय?

१. खात्री करा. बारीक दातांची फणी मांजराच्या पाठीवरून आणि शेपटीच्या मुळाशी फिरवा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

२. मांजराला मांजराचंच औषध. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड यांपैकी कोणतं आणि किती, हे पशुवैद्याला वजन आणि वय सांगून ठरवा. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला त्याचं त्याचं औषध एकाच वेळी. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला विचारल्याशिवाय काहीही लावू नका. फणी आणि साबणाच्या कोमट पाण्याची वाटी पुरते. फणीत आली की पिसू वाटीत बुडवा.

३. घर. मांजराचं अंथरूण, गोधड्या, पायपुसणी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. फटी आणि सोफ्याच्या खाचा रोज व्हॅक्यूमने काढा, नसेल तर ओल्या फडक्याने टिपा. कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर घरात मांजर आहे हे आधी सांगा, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसरीकडे ठेवा.

४. तीन महिने चिकाटी. औषध लावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या की लोक म्हणतात, "औषध लागू पडलं नाही," आणि दुसरं, जास्त कडक काहीतरी आणतात. विषबाधेची सुरुवात इथेच होते. त्या नव्या पिसवा जुन्या कोषांतल्या असतात. मधेच सोडू नका, बदलू नका, दुप्पट लावू नका.

५. माणसांच्या पुरळावर कॅलामाइन, नखं कापून ठेवणं आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी. बोटांच्या बेचक्यांत, रात्री जास्त, घरात सगळ्यांनाच खाज असेल तर ती खरूज असू शकते. त्यासाठी दाखवून घ्या.

चुकून कुत्र्याचं औषध लागलंच, तर मांजर धडधाकट असताना कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाने ते लगेच धुवा आणि टॉवेलात गुंडाळा. दूध, तेल पाजू नका, उलटी काढू नका. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यातही वेळ घालवू नका. औषधाचं पाकीट घेऊन थेट पशुवैद्याकडे जा. परळमध्येच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आणि १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढी सोय दाराशी असताना दुकानदाराच्या सल्ल्यावर जनावर गमावायला नको.

आणि यापुढे पिसवांचं औषध घेताना पाकिटावर मांजराचं नाव आणि किती किलोसाठी आहे हे दोन्ही छापलेलं दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.