डोळ्याच्या थेंबांआड दडणारा मेंदूचा विकार

खास प्रतिनिधी

पेण/रोहा : मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातील दुचाकी अपघातांची बातमी आता कोणाला चकित करीत नाही. डोक्याला मार लागलेला रुग्ण शुद्धीवर येतो, टाके पडतात, घरी जातो. काही दिवसांनी वा आठवड्यांनी त्याचा एक डोळा लाल होऊन पुढे येऊ लागतो, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात आणि डोक्यात नाडीच्या ठेक्यावर ‘सूं सूं’ आवाज घुमत राहतो. डोळे आले असावेत, असे समजून थेंब दिले जातात. वस्तुतः हा विकार डोळ्याचा नसतोच.

मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी अशुद्ध रक्ताच्या एका पोकळीतून जाते. अपघाताच्या धक्क्याने तिथे धमनीला चीर पडली, की जोराने वाहणारे रक्त थेट त्या पोकळीत आणि तिथून उलटे डोळ्याच्या शिरांमध्ये शिरते. धमनी आणि शीर यांच्यातील या अनैसर्गिक जोडणीला ‘कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिस्टुला’ म्हणतात. मेंदूच्या आवरणात अशाच जोडण्या अपघाताविनाही होतात. त्यांतील मंद प्रवाहाच्या काही आपोआप बंद होतात. मात्र ज्यांचे रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांत उलटे जाते, त्यांत रक्तस्रावाचा धोका मोठा. अपघातजन्य, वेगवान प्रवाहाची जोडणी सहसा आपणहून मिटत नाही आणि विलंबाची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

लंडनचे शल्यविशारद बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८०९ मध्ये अशा रुग्णाची मानेतील धमनीच बांधून टाकली होती. मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी १९७४ मध्ये सुटा होणारा फुगा धमनीतून नेऊन छिद्र बुजविण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. आज जांघेतून बारीक नळी वर नेऊन प्लॅटिनमच्या तारांची वेटोळी किंवा आत गेल्यावर घट्ट होणारा द्रव सोडून मार्ग बंद केला जातो. बहुतेकांना कवटी उघडावी लागत नाही.

खर्चाची बाजूही पूर्वीइतकी अंधारी नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेच्या उपचारयादीतही या फिस्टुलाचा समावेश आहे.

म्हणजे उपचार आहेत, योजना आहे. अडते ते ओळखण्यापाशी. रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करणारी कॅथलॅब उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर अपेक्षितच नाही, त्यामुळे पेण वा रोह्याच्या रुग्णाला मुंबई-नवी मुंबई गाठावीच लागेल. पण संशय येण्यासाठी कॅथलॅब कशाला हवी? मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला, तर अनेक रुग्णांत तो ‘सूं सूं’ आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. स्टेथोस्कोप तर प्रत्येक दवाखान्यात आहे. आवाज आला नाही, तरी अपघातानंतर पुढे येणारा लाल डोळा साधा मानू नये.

पेणहून मुंबई सुमारे ८० किलोमीटर. चिठ्ठीवर नुसते ‘लाल डोळा’ असेल, तर तिथेही रुग्ण नेत्रविभागाच्या रांगेत उभा राहतो. ‘डोक्याला मार, अमुक तारीख, पापणीवर आवाज’ असे असेल, तर त्याला मेंदूविकार विभागाकडे धाडले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक.