डलहौसी गेला, आंग्रे आले!

1848 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने शिवछत्रपतींच्या वंशजांचे राज्य खालसा केले. पुढे मुंबईतील नौदलाच्या तळाला नाव मिळाले ते याच डलहौसीचे! युद्धनौकांची नावे काय, तर क्लाइव्ह, कॉर्नवॉलिस आणि लॉरेन्स. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या पोराने आरमारात नाव नोंदवावे आणि ज्याने आपली गादी गिळली त्याच्याच नावाच्या छपराखाली कवायत करावी, यापेक्षा हास्यास्पद आणि तितकेच करुण नामकरण कोणते?

1951 मध्ये हा कलंक पुसला गेला. तळ 'आयएनएस आंग्रे' झाला. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने कान्होजी शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले आणि साताऱ्याच्या गादीचे सरखेल झाले. इंग्रजांनी त्यांना 'चाचा' म्हणून हिणवले. परंतु 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा त्यांना घेता आला नाही. साताऱ्याची गादी बुडविणाऱ्याचे नाव उतरले आणि त्याच गादीच्या सरखेलाचे चढले. काळाने उगविलेला हा न्याय आहे!

नामांतराचा विषय निघाला की आपल्याकडील पुरोगामी नाके मुरडतात. 'नाव बदलून पोट भरते काय?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग 1957 मध्ये 'नायजेरिया' नावाची ब्रिटिश युद्धनौका 'म्हैसूर' झाली, 1961 मध्ये 'हर्क्युलिस'ची 'विक्रांत' झाली, तेव्हा कोणाचे पोट भरले? हे तर नेहरूंच्या कारकिर्दीत घडले. तेव्हा जो स्वाभिमान होता, तोच 2018 मध्ये अंदमानातील हॅवलॉक बेटाचे 'स्वराज द्वीप' होताना किंवा 2022 मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेच्या प्रेरणेने अष्टकोन येताना संकुचितपणा कसा ठरतो?

खरा प्रश्न आपल्यालाच विचारायला हवा. हिमाचलातील डलहौसी हे गाव आजही त्याच नावाने नांदते आहे. सुटीत तेथे जाऊन हौसेने छायाचित्रे काढणाऱ्या सातारा-सांगलीच्या किती कुटुंबांना हा डलहौसी कोण, हे ठाऊक असते? थंड हवा जरूर खावी. परंतु त्याआधी मुलांना अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील चार भिंतींपाशी न्यावे, 1857 च्या हुतात्म्यांची कथा सांगावी. पाटीवरचे नाव सरकार बदलील. मनावरची धूळ मात्र घरानेच झटकायची असते.