खारूताईचे पाय का लुळे पडले?

घरट्यातून पडलेलं खारीचं पिल्लू आमच्या धाकटीनं हौसेनं वाढवलं. एक दिवस ते मागचे पाय ओढू लागलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, हाडं ठिसूळ झालीत. नुसते शेंगदाणे घालता ना?"

दाण्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी थोडं. मग शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढून घेतं. दाणे बंद केले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं कॅल्शियम, शेवग्याचा कोवळा पाला आणि सकाळचं ऊन सुरू केलं. ऊन मात्र काचेआडून उपयोगी नाही! उंच चढणंही थांबवलं.

आठवड्यात पिल्लू उभं राहिलं, तरी औषध काही महिने चालूच ठेवलं. हाडं भरायला वेळ लागतो. रडवेल्या धाकटीला म्हटलं, "तुझी माया चुकली नाही गं, खाऊ चुकला."