जुनी रॅकेट, नवी रॅकेट आणि गटिंग

लाकडी रॅकेटीवर टेनिस शिकलेली आमच्या वयाची मंडळी एकत्र जमली, की एक तक्रार हटकून निघते : चेंडूचा खरा स्पर्श लाकडातच कळे, आताच्या रॅकेटींत नुसता जोर आहे. या म्हणण्यात तथ्य किती आणि जुन्याचा जिव्हाळा किती, याचा जमाखर्च आपण व्यापारी माणसांनी तरी नीट मांडावा, असे आम्हांस वाटते.

लाकडी रॅकेटचे वजन सुमारे ३७० ते ४०० ग्रॅम, आणि जाळीचा भाग जेमतेम ६५ चौरस इंच. १९७६ साली हॉवर्ड हेड यांनी ११० चौरस इंच जाळीची ‘प्रिन्स’ बाजारात आणली, पाठोपाठ ग्रॅफाइट आले, आणि लाकूड मागे पडले. विंबल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद लाकडी रॅकेटने मिळविणारा अखेरचा खेळाडू म्हणजे १९८१ सालचा जॉन मॅकेन्रो. पुढे १९९१ साली बोर्ग माँटे कार्लो येथे पुन्हा लाकूड घेऊन उतरला, तो पहिल्याच फेरीत बाद झाला. आजची बहुतेक रॅकेट ३०० ग्रॅमच्या आसपास आणि सुमारे १०० चौरस इंचांची असते.

लाकूड लवते, म्हणून चेंडूला जोर कमी देते. खेळाडूने हात मोकळा सोडला तरी चेंडू मैदानात राहतो. हेच त्याचे नियंत्रण. मात्र चेंडू मध्यापासून थोडा सरकला, की रॅकेट मुठीत फिरलीच. ग्रॅफाइटची चौकट ताठ आणि रुंद. ती चूक पोटात घालते, पण चेंडू दूर फेकते. तो आत पाडण्यासाठी खालून वर घासून फिरकी द्यावी लागते, आणि रुंद जाळीमुळे ते साधते. म्हणजे नियंत्रण नष्ट झालेले नाही. त्याची जागा बदलली आहे. येथवर आम्ही नव्याच्या बाजूचे आहोत.

स्पर्शाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो. गेल्या वर्षी आमच्या पुतणीने माळ्यावरील आमची जुनी रॅकेट खाली काढली आणि सहज विचारले, ‘‘काका, हे गटिंग कशाचं?’’ आम्ही निरुत्तर झालो. ते आतड्याच्या तातेचे होते. पूर्वी मेंढीचे, पुढे गाईगुरांचे आतडे त्यासाठी वापरीत. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घरात ती रॅकेट वर्षानुवर्षे खुंटीला होती. वस्तूचे नावच तिचा उगम सांगत होते, पण आम्ही कधी कान दिला नाही. आज नायलॉनलाही दुकानात गटिंगच म्हणतात, हे आणखी नवल!

आम्ही ती तात काढवून त्याच चौकटीत साधे नायलॉन ओवून घेतले. लाकूड तेच, हात तोच. पण तो मऊ, खोल स्पर्श निम्म्याहून अधिक गेला. ज्याचे श्रेय आम्ही आयुष्यभर लाकडाला दिले, ते बरेचसे तातेचे होते.

तेव्हा आपल्या मुलांसाठी रॅकेट घेताना चौकटीच्या रंगाइतकीच गटिंगची चौकशी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पॉलिएस्टर फिरकीस उत्तम, पण कडक. कोवळ्या कोपराला ते सोसत नाही, आणि त्याचा ताणही लवकर उतरतो. अनेक बारीक तंतूंचे नायलॉन थोडे सैल ओवून घ्यावे. ते तातेची बरोबरी करते असे आम्ही म्हणणार नाही. उरलेली तूट आम्ही खुशीने सोसू.

पुतणीच्या नव्या रॅकेटीत तेच आहे. जुनी शेजारच्या खुंटीला असते. बेळगावच्या पावसात लाकूड वाकू नये म्हणून ज्येष्ठ सरता सरता तिला प्रेसमध्ये कसून ठेवण्याचे काम अजून आमच्याकडेच आहे.