ढोलकी वाजली, लावणी कुठाय?

हल्ली फेसबुक उघडलं की एखादा तरी प्रकाशन सोहळा दिसतोच. मुखपृष्ठ, शाल-श्रीफळ, पाहुण्यांबरोबर फोटो, खाली दीडशे 'अभिनंदन!'. पुस्तकात काय आहे, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. मग नाकं मुरडली जातात, "लेखकानं स्वतःची टिमकी वाजवू नये."

मला हे पटत नाही. टिमकी वाजवायलाच हवी! आमच्या सोलापूरचे शाहीर रामजोशी ज्या तमाशात रमले, तिथेही आधी ढोलकीच कडाडते. पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले. जाहिरात कलावंताला परकी नाहीच.

2006 मध्ये मारुती चितमपल्लींच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं होतं. पण अशी संमेलनं आपल्या गावात रोज थोडीच भरतात? इथल्या नव्या कवीच्या पुस्तकाला पुण्या-मुंबईच्या दुकानात जागा मिळणं मुश्कील. त्याच्यासाठी हातातला फोन हाच पुस्तकाचा स्टॉल. गप्प बस, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

माझी तक्रार निराळी आहे. ढोलकी वाजत राहते, लावणी सुरूच होत नाही. आमंत्रण येतं, पण कवितेची एक ओळ येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या, जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' आठवा. सिनेमा आला 29 एप्रिल 2016 ला, पण 'झिंगाट' त्याआधीच यूट्यूबवर घुमत होतं. लोकांच्या हाती नुसती घोषणा नाही, खरंखुरं गाणं पडलं होतं. पुढे 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. अर्थात ते यश एकट्या गाण्यांचं नाही, पण आधी चव द्यायची आणि मग बोलवायचं, ही रीत कवीलाही फुकटात जमण्यासारखी आहे. चार सत्कारांऐवजी एक कविता टाका. कथेचं पहिलं पान टाका. चित्रकारानं अर्धवट कॅनव्हास दाखवावा.

आणि हे सगळं ब्लॉगवरही ठेवा. फेसबुकवरची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते आणि मग पैसे भरून 'बूस्ट' करा म्हणतात. ब्लॉगवरचं लिखाण पाच वर्षांनीही कुणीतरी गूगलवरून शोधत येतं... तो खरा वाचक.

दीडशे अभिनंदनांपैकी किती जणांनी पुस्तक घेतलं, हे लेखकाला चांगलंच ठाऊक असतं. म्हणूनच तर तो पुन्हा ढोलकी उचलतो!

तेव्हा मंडळी, यापुढे 'अभिनंदन' टाइप करण्याआधी लेखकाकडे एक पान मागा. आणि खरं सांगा, फेसबुकवर पाहून शेवटचं पुस्तक कधी विकत घेतलंत?